भिंतीला टेकलेला मांडव

अण्णांच्या वर्षश्राद्धाच्या सकाळी साडेआठला सुशांतच्या मोबाइलवर महापालिकेचा मेसेज आला. खीर ढवळता ढवळता चित्राने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं, काहीतरी अंगाशी आलंय.

"आज येतायत," तो म्हणाला.

"गुरुजी ना? दहाला म्हणालेत."

"गुरुजी नाही गं. पाहणीवाले. मांडवाच्या तक्रारीचे."

चित्राने गॅस बारीक केला आणि स्वयंपाकघराचं दार पायाने लोटून घेतलं. बाहेरच्या खोलीत सासूबाई, शेवंतीबाई, फुलांच्या पुड्या सोडत बसल्या होत्या.

"आजच?"

"मी काय तारीख दिली का त्यांना? पंधरा दिवस झाले अर्ज देऊन. मी विसरून पण गेलेलो."

"मी तेव्हाच बोललेले, आईंच्या नावाने नको. तुझ्या नावाने दे, नाहीतर देऊच नको."

"ऑफिसातला भिवा बोलला ना, ज्येष्ठ नागरिक, त्यातून विधवा, असा अर्ज लगेच हलतो म्हणून."

"हलला की मग. आता निस्तर."

रेवाळ्यांच्या घरात तोंडावर भांडायची पद्धतच नव्हती. दौलत रेवाळे, म्हणजे अण्णा, वागळे इस्टेटच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते, आणि शेजारची कोंबडी अंगणात शिरली तरी ते वहीत तारीख घालून लिहून ठेवत. पण त्यांनी लिहिलेलं वहीतच राही, कोणाच्या दारात जात नसे. मुलगा त्यांच्या चार पावलं पुढे गेला. जिने लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलं त्या बाईशी समोरासमोर दोन शब्द बोलायला त्याला अवघड वाटलं, आणि महापालिकेला दोन पानं लिहायला मुळीच अवघड वाटलं नाही.

ती बाई म्हणजे बायजा मढवी. ठाण्याच्या माजिवड्यात चहूकडे टॉवर उठले तरी गावठाणाची एक गल्ली उरली होती, आणि तिथे मढव्यांचं आणि रेवाळ्यांचं घर शेजारी शेजारी होतं. रेवाळ्यांचा प्लॉटही मूळचा मढव्यांचाच. बायजाच्या सासऱ्याने एक्क्याऐंशी साली विकलेला. मधल्या कंपाउंडच्या भिंतीत एक माणूस जाईल एवढी वाट तेव्हापासून मोकळी ठेवलेली. त्या वाटेला लागूनच बायजाने गेल्या दिवाळीनंतर मांडव घातला. लोखंडी पाइप, वर निळे पत्रे, पत्र्यांवर दुधीचा वेल, खाली सिमेंटचा बाक. पत्रा दीड फूट रेवाळ्यांच्या हद्दीत आलेला. पावसाळ्यात पागोळ्या थेट सुशांतच्या नव्या गाडीवर, आणि एरवी पाला, मुंग्या, वेलावरचे किडे. चित्रा दोनदा सांगून आली होती. बायजा हसून म्हणाली होती, "ऱ्हाऊ दे गं बाय, सावली हाय." सुशांतला पत्र्यापेक्षा त्या हसण्याचाच राग जास्त आला होता.

साडेनऊला रुपाली, सुशांतची धाकटी बहीण, कल्याणहून आली आणि पर्स ठेवायच्या आधीच सुरू झाली.

"दादा, हा मांडव अजून तसाच? आत शिरताना तो वेल केसांत अडकला माझ्या. आल्यागेल्याला काय वाटत असेल!"

"बघ ना, तूच बघ," सुशांतला जोर आला. "मी बोललो की मी वाईट."

"पाडूनच टाकायला पाहिजे. त्यांची जागा आहे ती इथपर्यंत आहे, पुढची आपली आहे ना?"

"हळू बोल गं," चित्रा म्हणाली, पण तिनेही मान हलवली. त्या अर्ध्या तासात तिघांचं जितकं एकमत झालं तितकं अण्णांच्या आजारपणातही झालं नव्हतं. अर्जाची गोष्ट मात्र सुशांतने बहिणीला सांगितली नाही.

*

शेवंतीबाईंना लेकीचं बोलणं बाहेर स्पष्ट ऐकू आलं. त्यांनी झेंडू एका बाजूला, शेवंती दुसऱ्या बाजूला ठेवली. हे काम त्या हाताने चाचपून आणि वासाने करत होत्या.

दिवाळीपासून त्यांना माणसांची तोंडं दिसत नव्हती. समोर सरळ पाहिलं की मधोमध काळा डाग पडायचा. कडेने मात्र दिसे. साडीचा काठ, हातातलं भांडं, चालण्याची लकब. तेवढ्यावर त्या घरात वावरत होत्या, आणि इतक्या बेमालूम वावरत होत्या की कोणाला शंका आली नव्हती. कोणी नीट पाहिलंही नव्हतं म्हणा.

माहीत होतं ते एकट्या बायजाला. कोपिनेश्वराच्या दर्शनाला जातो असं सांगून बायजाने त्यांना रिक्षाने नौपाड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या मागचा पडदा झिजलाय, गेलेलं परत येणार नाही, आहे ते टिकवायला दर महिन्याला इंजेक्शन घ्यावं लागेल, घरच्या कोणाला घेऊन या. दोघी तो कागद घेऊन रस्त्यावर उभ्या राहिल्या. एकीला वाचता येत होतं पण दिसत नव्हतं, दुसरीला दिसत होतं पण वाचता येत नव्हतं. त्या अवस्थेतही दोघींना हसू आलं होतं.

घरच्यांना मात्र शेवंतीबाई सांगू शकल्या नाहीत. अण्णांचं सहा महिने अंथरुणातलं सगळं चित्राने केलं होतं. एकदा ती फोनवर बहिणीला म्हणाली होती, "आता आणखी एका माणसाचं करायची माझ्यात ताकद नाही गं." रागाने नाही, थकून म्हणाली होती. शेवंतीबाईंनी ते ऐकलं आणि तोंडाला कुलूप घातलं.

दुपारी सगळे कामाला गेले की त्या भिंतीला हात लावून लावून त्या वाटेने बायजाकडे जात. रस्त्याने जायची हिंमत राहिली नव्हती. उन्हाची तिरीप डोळ्यांत सुईसारखी शिरायची. म्हणून तर बायजाने मांडव भिंतीला टेकवला आणि पत्रा मुद्दाम अलीकडे काढला, की घरातून पाऊल टाकलं की सावली. त्या बाकावर बसून दोघी जुन्या माणसांच्या उखाळ्यापाखाळ्या काढत. दिवसातले तेवढे दोन तास शेवंतीबाईंना आपण कोणाला फसवत नाही असं वाटे.

आज जेवणं झाली की मुलांना बसवून सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मांडव माझ्यासाठी आहे, तिला बोल लावू नका. वर्ष सरलं, आता किती लपवायचं. बायजालाही त्यांनी मुद्दाम पानावर बोलावलं होतं, म्हणजे सांगताना ती शेजारी असेल.

*

पाहणीवाले सव्वाबाराला आले. गुरुजी जाऊन पाच मिनिटं झाली होती. दिवा गावचे मारुतीकाका, आत्या आणि भावकीतली दहाएक माणसं ओट्यावर हातपाय धूत होती, आत पानं मांडली होती, वडे तळणं चालू होतं. बायजा हिरवं नऊवारी नेसून भिंतीतल्या वाटेने नुकतीच आली होती.

आलेले गृहस्थ भले दिसत होते. तानाजी घुले म्हणून नाव सांगितलं, चपला बाहेर काढल्या, घरात श्राद्ध आहे हे पाहून ओशाळले.

"दिवस चुकला आमचा. पण ज्येष्ठ नागरिकाचा अर्ज आहे, वरून दोनदा फोन आला. शेवंती दौलत रेवाळे कोण?"

"मी," शेवंतीबाई पुढे झाल्या. "कसला अर्ज?"

सुशांत मध्ये पडला. "साहेब, आपण बाहेर बोलू या का? मी त्यांचा मुलगा."

"बोलू ना. पण तक्रारदाराला वाचून दाखवावं लागतं, तसा नियम आहे." घुल्यांनी कागद उघडला आणि सरकारी माणूस वाचतो तसं सरळ एका सुरात वाचलं. "'माझ्या शेजारी राहणाऱ्या बायजा गोविंदा मढवी यांनी हद्दीला लागून अनधिकृत मांडव उभारून माझ्या जागेत अतिक्रमण केले असून, मज विधवा व वृद्ध महिलेस त्यामुळे असह्य मानसिक त्रास होत आहे. सदर इसम दांडगाईच्या वृत्तीचे असून त्यांना विचारणा करण्याची मला भीती वाटते.' खाली तुमची सही आहे."

ओट्यावरचा तांब्यांचा आवाज थांबला. 'असह्य' हा शब्द सुशांतने खोडून खोडून शोधला होता, आणि दांडगाईचं वाक्य लिहिल्यावर आपण बऱ्यापैकी लिहितो असंही त्याला वाटलं होतं. आता ते वाक्य काकांच्या, आत्याच्या आणि बायजाकाकीच्या समोर उघडं पडलं होतं आणि त्याला मान वर करवत नव्हती.

शेवंतीबाईंना आठवलं. पंधरा दिवसांपूर्वी वारसनोंदीचा गठ्ठा घेऊन सुशांत आला होता. इथे, आणि इथे, आणि इथे, म्हणत बोट ठेवत गेला. त्या बोटाच्या अंदाजाने त्या सही करत गेल्या. एक सही ओळीच्या खाली उतरली तेव्हा तो म्हणाला होता, "आई, किती घाई करतेस." त्यांनी बायजाकडे तोंड फिरवलं. तिचा चेहरा दिसेना. हिरव्या लुगड्याचा काठ तेवढा दिसला, आणि तो जरासुद्धा हलत नव्हता.

घुले काही कच्चे नव्हते. त्यांनी आजींकडे पाहिलं, मग घाम पुसणाऱ्या सुशांतकडे पाहिलं.

"आजी, एक सांगतो. मांडव मी आता डोळ्यांनी पाहिला, फोटो निघाले. तुम्ही अर्ज मागे घेतला तरी नोटीस निघणारच. पण अर्जच तुमचा नसेल, कोणी तुम्हाला न सांगता सही घेतली असेल, तर तसा जबाब द्या. मी फाइल इथेच बंद करतो. फक्त मग सही कोणी घेतली ते मला लिहावं लागेल. बोला. ही सही तुम्ही वाचून केलीत का?"

आता सुशांतने बोलायचं होतं. एवढं साधं होतं ते. सही मी घेतली साहेब, चार शब्द. ओट्यावर अण्णांची सगळी भावकी उभी होती, ठाण्यात घर टिकवलं म्हणून त्याचं कौतुक करणारी, मुलींच्या लग्नांत त्याला विचारून तारखा ठरवणारी. दारात चित्रा हातात झारा घेऊन त्याच्याकडे बघत होती. त्याने घसा खाकरला.

शेवंतीबाईंनी ते खाकरणं ऐकलं. लहानपणी चोरी पकडली गेली की तो असाच खाकरायचा.

"हो," त्या म्हणाल्या. "सही माझी आहे. मी वाचून केली."

"नक्की ना आजी?"

"सांगितलं ना. वाचून केली."

चव्वेचाळीस वर्षांत बायजासमोर त्या पहिल्यांदाच खोटं बोलल्या होत्या, आणि वाचणं त्यांना शक्यच नव्हतं हे तिथे फक्त बायजालाच माहीत होतं.

बायजा पुढे आली. "बराबर हाय साहेब. आमचा दोघींचा भांडन झालता. पत्रा माझाच चुकला. तुमी मानसं नका आनू, मीच काढतंय आज."

"आजी, नोटिशीला मुदत असते, घाई नाही."

"मुदत कशाला पायजे? जेवान-खान उरका तुमी," ती भावकीला म्हणाली, आणि भिंतीतल्या वाटेने परत गेली. तिला थांब म्हणायला रेवाळ्यांपैकी एकाचीही जीभ उचलली नाही.

*

जेवणं झाली. म्हणजे पानांवर माणसं बसली आणि उठली. बायजाचं वाढलेलं पान रुपालीने न बोलता उचललं, स्वयंपाकघरात आली आणि दार लावून घेतलं.

"सही तू घेतलीस ना, दादा?"

सुशांतने नळ सोडून हात धुवायला घेतले.

"आई अर्जात 'असह्य' लिहिणारी बाई आहे का? तुझीच भाषा ती. आणि सकाळी मला बोलायला लावलंस, मी पण वेड्यासारखी पाडा-पाडा करत बसले!"

"तुला पण मांडव नकोच होता."

"नको होता म्हणून आईला पुढे करायचं?"

"एकट्या त्याला बोलू नका, रुपाताई," चित्रा म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते आणि ते तळणाच्या धुराने नव्हते. "सह्या घेताना मी तिथेच होते. पेन मी आणून दिलं. मला माहीत होतं मधला कागद कसला आहे ते, आणि मी गप्प बसले."

आता सुशांतच्या बाजूला कोणी नव्हतं. तो स्वतःही नव्हता. भिंतीपलीकडे पाना वाजायला लागला, नट सुटल्याचा किरकिर आवाज आला. तो मागच्या दाराने अनवाणीच बाहेर पडला.

बायजाचा नातू देवेश शिडीवर चढून पत्र्याचे बोल्ट काढत होता. त्याने सुशांतला पाहिलं आणि तोंड फिरवलं. बायजा बाकावर बसून दुधीचा तोडलेला वेल गुंडाळत होती. नऊवारी अजून तेच होतं.

"काकी," सुशांत म्हणाला. "अर्ज मी दिलेला. आईला माहीतच नव्हतं."

"मना माहीत हाय."

"पण ती बोलली, वाचून केली..."

"काय वाचंल ती?" बायजाने वर पाहिलं. "दिवालीपासून तिना कागद काय, तुझा तोंड पन दिसत नाय."

सुशांतला आधी कळलंच नाही. मग बायजाने सगळं सांगितलं. नौपाड्याचा डॉक्टर, झिजलेला पडदा, मधोमधचा काळा डाग. आवाज चढवला नाही. चढवला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"माझे पोरांनी आताच बापाचा केला, आता माझा नको, बोलली. मी तिना बोल्ली, सांग, सांग. नाय सांगितला. यो मांडव काय माझे हौसेचा नाय रं. उन्हान तिचे डोले दुखतान, म्हनून पत्रा तुमचे अंगाला काढला."

"मग तेव्हाच मला सांगायचंस ना, काकी. मी कशाला..."

"तू इचारला कवा?" बायजा म्हणाली. "तू लिवला."

त्याने बाकाच्या कडेला धरलं. रोज सकाळी तो आईसमोर बसून चहा पीत होता. नऊ महिने. ती त्याच्याकडे तोंड करून बसायची आणि तो मोबाइलमध्ये बघायचा. तिच्या नजरेत काही उरलं नाही हे शेजारच्या निरक्षर बाईला कळलं होतं, आणि बोटाने जागा दाखवून सह्या घेणाऱ्या मुलाला कळलं नव्हतं. इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती. भावकीसमोर वाटली ती हिच्यापुढे काहीच नव्हती.

"काकी, पत्रे काढू नको. मी जाऊन सांगतो त्या साहेबांना."

"त्या साहेबाना मागून सांग. मना पन नको सांगू. तिना सांग जा."

तो परत आला. आईच्या खोलीचं दार उघडं होतं. शेवंतीबाई खाटेच्या कडेला बसल्या होत्या, तोंड दाराकडे. तो उंबऱ्यात उभा राहिला. त्याला वाटलं, आई आता बोलेल, निदान मान फिरवेल. त्या थेट त्याच्या चेहऱ्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीही उमटत नव्हतं. अनवाणी पावलं त्यांना ओळखता आली नव्हती.

मग त्या जराशा पुढे वाकल्या.

"बायजा? आलीस तू?"

"नाही आई," त्याला सांगावं लागलं. "मी आहे. सुशांत."

तेवढ्यावरून त्या समजल्या, की याला आता सगळं कळलंय. त्यांनी हात पुढे केला. तो खाली बसला आणि त्याने डोकं त्यांच्या मांडीवर टेकवलं, पन्नाशीच्या माणसाने टेकवू नये तसं.

"आई, मी तुझी सही फसवून घेतली. आणि तिथे तू माझ्यासाठी खोटं बोललीस तरी मी उभा राहून ऐकलं..."

"हळू बोल रे," त्या घाईघाईने म्हणाल्या. "बाहेर माणसं आहेत."

सुशांत उठला. बाहेरच्या खोलीत मारुतीकाका पिशवी घेऊन निघायच्या बेतात होते, आत्या पान लावत होती, बाकीची मंडळी रिक्षाची वाट बघत बसली होती.

"काका, जरा थांबा. सगळेच थांबा," तो म्हणाला. "मघाचा अर्ज आईचा नव्हता. तो मी लिहिला. कागद कसला आहे ते आईला न सांगता तिची सही घेतली, आणि साहेबांनी विचारलं तेव्हा गप्प बसलो."

आवाज त्याच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. भिंतीपलीकडचा पाना थांबला. आत खाटेवर शेवंतीबाईंनी दोन्ही हातांनी आपले कान घट्ट झाकून घेतले.